गिरणीतलं रोजचं पान : वर्षभर वापरलेल्या इतिहासाच्या कॅलेंडरबद्दल

अमळनेरला माझी पिठाची गिरणी आहे. डबा लावून बाकावर बसलं की माणसाला दहा-पंधरा मिनिटं काही काम नसतं, आणि चक्कीच्या आवाजात बोललेलं ऐकूही येत नाही. म्हणून गेल्या जानेवारीत बाकासमोरच्या भिंतीवर मी रोज एक पान फाडायचं कॅलेंडर लावलं. वर ठळक तारीख, खाली त्या तारखेला महाराष्ट्राच्या इतिहासात घडलेली एक गोष्ट, पाच-सहा ओळींत. वह्या-पुस्तकांच्या दुकानात १८० रुपयांना मिळालं. आता ३६५ पानं संपली आहेत, म्हणून लिहिते.

कागद चांगला जाड आहे. पीठ बसलं तरी फडक्याने झटकता येतं. अक्षर मोठं आहे, म्हाताऱ्या माणसांनाही लांबून वाचता येतं. वरचा पुठ्ठा मात्र पावसाळ्यात फुगला आणि पानं एकदम तीन-तीन निघायला लागली. मग मी वरून पट्टी ठोकली. प्रत्येक पानाची मागची बाजू कोरी आहे. तिचा उपयोग पुढे सांगते.

पहिले दोन महिने मी नुसती पानं फाडत होते. २७ फेब्रुवारीला सकाळी पान उलटलं आणि वाचलं : १८१८ साली या दिवशी सर थॉमस हिस्लॉपच्या इंग्रज फौजेने तापीकाठचा थाळनेरचा किल्ला घेतला आणि किल्लेदार तुळशीराम याला फासावर दिलं. थाळनेर माझं माहेर. त्या पडक्या तटाखाली आम्ही शेळ्या चारल्या, फारुकी राजांच्या कबरींच्या सावलीत सागरगोटे खेळलो, आणि तुळशीरामाचं नाव मला वयाच्या ५२ व्या वर्षी या पानावर कळलं. पान हातात धरून उभीच राहिले. वरचा दाणा संपून दगडावर दगड घासायला लागला, जळका वास आला, तेव्हा धावत जाऊन पट्टा काढला.

का फाशी दिली, ते पानावर नव्हतं. माझा भाचा कॉलेजात इतिहास घेऊन शिकतो, त्याने संध्याकाळी सांगितलं. होळकरांनी ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरच्या तहात खानदेशातला मुलूख इंग्रजांना देऊन टाकला होता, त्यात थाळनेरही गेलं. तरी किल्ल्यावरून तोफा डागल्या गेल्या. किल्ल्यातली बहुतेक माणसं त्या दिवशी कापली गेली. पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटातसुद्धा या फाशीवर प्रश्न विचारले गेले. हे सगळं मी पानाच्या मागे पेनाने लिहिलं आणि पान परत भिंतीवर चिकटवलं. दुसऱ्या दिवसापासून दळणाला येणाऱ्या बाया विचारायला लागल्या, “आज काय लिखेल शे वं माय?”

आता तक्रारी. ९ सप्टेंबरच्या पानावर १९४२ मध्ये नंदुरबारला तिरंगा घेऊन निघालेल्या शिरीषकुमार मेहताची माहिती आहे. पोलिसांच्या गोळ्या त्याने छातीवर घेतल्या, वय अवघं १५. पान वाचून दोघीजणींनी डोळे पुसले. पण तिथे ‘नंदुरबार जिल्हा’ असं छापलंय. १९४२ ला नंदुरबार पश्चिम खानदेशात होतं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. इतिहासाच्या कॅलेंडरात ही चूक शोभत नाही.

दुसरी मला फार लागली. २४ डिसेंबरला साने गुरुजींचा जन्मदिवस. पालगड आहे, पंढरपूरच्या मंदिरासाठी १९४७ साली केलेलं उपोषण आहे, अमळनेर नाही! आमच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते सहा वर्षं शिक्षक होते, इथल्या वसतिगृहातल्या मुलांची त्यांनी आईसारखी काळजी घेतली. पानावर दोन ओळींची जागा मोकळी असताना हे राहावं, याचं वाईट वाटलं.

तिसरी अडचण चुकीची नाही, रचनेची आहे. एका तारखेला एकच गोष्ट. ११ एप्रिलला जोतीराव फुल्यांची जयंती आहे, ती हवीच. पण १८५८ मध्ये त्याच तारखेला सातपुड्यात आंबापाणीची लढाई झाली. खाज्या नाईकाचे भिल्ल त्या दिवशी इंग्रजांशी लढले. ती आम्ही मागे लिहिली. १७ जूनला जिजाऊंची पुण्यतिथी आहे. त्याच तारखेला १६३१ साली मुमताज महल बुऱ्हाणपूरला बाळंतपणात गेली. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात, म्हणून ते महाराष्ट्राच्या कॅलेंडरात येणार नाही, हे मला समजतं. पण ती खानदेशच्या सुलतानांची राजधानी होती. तिथून वाहत आलेली तापीच पुढे थाळनेरच्या तटाखालून जाते. राज्याची हद्द १९६० ची आहे, तापी तिच्या कितीतरी आधीची. बुऱ्हाणपूरचं पान मागे माझ्या एका गिऱ्हाईक बाईनेच लिहिलं, तिची आजी तिकडची.

आणि ज्याला तारीखच नाही त्याचं काय? चाळीसगावजवळ पाटण्याला उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. आपल्या खानदेशात तेव्हा शहामृग फिरत होते! महिन्याला एखादं पान अशा गोष्टींना द्यावं, असं मी कॅलेंडर काढणाऱ्यांना पत्राने कळवलं आहे.

२९ डिसेंबरच्या पानाबद्दल मात्र त्यांचे मनापासून आभार. १९४५ साली त्या दिवशी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी अमळनेरला सुरू झाली, तीच पुढे विप्रो. बाकावरची कॉलेजची पोरं मानायलाच तयार नव्हती. कळण्याचं, म्हणजे भाकरीच्या ज्वारी-उडदाचं, दळण घेऊन आलेल्या एका आबांनी मग त्यांना जवळ बसवलं आणि कारखान्यातल्या वनस्पती तुपाचा वास त्यांच्या लहानपणी कोणत्या गल्लीपर्यंत यायचा, ते हाताने दाखवत सांगितलं. पोरांची दळणं होऊन गेली तरी ती उठली नाहीत.

घ्यावं का? जरूर घ्यावं. दुकान, दवाखाना, सलून, जिथे माणसं थांबून राहतात तिथे लावावं, आणि शेजारी दोरीला पेन बांधून ठेवावं. नव्या वर्षाची दोन घेतली आहेत. एक गिरणीत लागलं. दुसरं भावाच्या हाती थाळनेरला दिलं, सोबत २७ फेब्रुवारीचं ते जुनं पानही.