कुत्र्याचे दात घासायला काय घ्यावं: कापड, बोटातला ब्रश की दांड्याचा ब्रश?

कुत्र्याचा वरचा ओठ गालाच्या बाजूने अलगद वर उचला. सुळ्यापासून मागे मोजत गेलात की चौथा दात सगळ्यात मोठा, थेट दाढेसारखा दिसतो. हिरडीला लागून त्याच्यावर पिवळट-तपकिरी कड दिसतेय का? आमच्या कुत्रीच्या तोंडाला वास यायला लागला तेव्हा मी फक्त समोरचे दात बघितले, ते पांढरेशुभ्र होते, म्हणून निश्चिंत राहिले. ओठ उचलून मागे बघायचं कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दातावर किटण चांगलं जाड चढलं होतं.

लाळग्रंथीची नळी नेमकी याच दातापाशी उघडते, म्हणून किटण आधी तिथे धरतं. जेवणानंतर काही तासांतच दातांवर जंतूंचा चिकट थर बसायला लागतो. लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत तो कडक होतो, आणि एकदा कडक झाला की कुठल्याही ब्रशने निघत नाही. त्यामुळे साधन निवडताना मी दोनच गोष्टी बघते: ते हिरडीच्या कडेपर्यंत पोचतं का, आणि रोज वापरणं जमेल का. आठवड्यातून एकदा अगदी मन लावून घासलं तरी तोवर थराचा दगड झालेला असतो. रोज जमत नसेल तर निदान एक दिवसाआड तरी हवंच.

बोटाला गुंडाळलेलं ओलं गॉझ किंवा मऊ सुती कापड सुरुवातीला सगळ्यात सोपं. पिल्लाला किंवा तोंडाला हात लावू न देणाऱ्या कुत्र्याला ते लवकर चालतं, कारण त्याला ते तुमचं बोटच वाटतं. पण कापड दाताचा फुगीर भाग पुसतं. दात आणि हिरडी यांच्यामधल्या बारीक खाचेत ते शिरत नाही, आणि रोग सुरू होतो तो त्या खाचेत. सवय लावायला कापड उत्तम, पण कायमचं तेवढ्यावर भागवू नये.

बोटात घालायचा सिलिकॉनचा ब्रश लोक सर्रास घेतात. मीही घेतला होता. त्याचे दाते जाड आणि बोथट असतात, त्यामुळे खाचेच्या बाबतीत तो कापडापेक्षा फार पुढे नाही. लहान जातीच्या कुत्र्याच्या गालात बोट आणि वर ब्रश, एवढी जागाच नसते. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत मागच्या दाढांपर्यंत जायचं म्हणजे बोट दोन जबड्यांच्या मध्ये. कुत्रा कितीही गरीब असला तरी दचकून तोंड मिटू शकतो.

माझं मत दांड्याच्या ब्रशच्या बाजूने आहे. केस मऊ आणि डोकं लहान हवं. लहान मुलांचा मऊ ब्रशही चालतो, आणि छोट्या जातींना तर तोच नीट बसतो. तोंड उघडायची गरज नाही. जबडा मिटलेलाच ठेवून ओठ उचलायचा, ब्रश हिरडीकडे साधारण 45 अंशांत तिरका धरायचा आणि छोटे गोल फिरवायचे. दातांची आतली बाजू जीभ बऱ्यापैकी साफ ठेवते, म्हणून बाहेरची बाजू झाली की बरंचसं काम झालं. दोन्ही बाजू एकदम घासणारे तीन तोंडांचे ब्रशही मिळतात, पण त्यांना कुत्र्याने तोंड उघडून ठेवावं लागतं, आणि गाडी तिथेच अडते.

पेस्टच्या बाबतीत मात्र तडजोड नको. माणसांची पेस्ट वापरू नका. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, तो सगळं गिळतो. काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं. त्याने कुत्र्याची रक्तातली साखर झपाट्याने उतरते आणि यकृतही निकामी होऊ शकतं. फ्लोराइडही पोटात जाऊ नये. कुत्र्यांसाठीची चवदार पेस्ट घ्या. ती नसेल तर नुसतं पाणी पुरतं, कारण थर निघतो तो केसांच्या घासण्याने.

ब्रशऐवजी चघळायच्या कांड्या दिल्या तर? जोडीला चालतील, त्यातही व्हीओएचसी या पशुदंतआरोग्य परिषदेची मान्यता असलेल्या. त्यांच्या कॅलरी जेवणातून वजा करा, आणि चघळताना लक्ष ठेवा. जो कुत्रा दोन घासांत गिळून मोकळा होतो त्याला काडीचा उपयोग नाही. पाण्यात मिसळायची औषधं त्याहून दुबळी. आणि हाडं, शिंगं नकोतच. नख रुतत नाही इतकी कठीण वस्तू चावताना तोच वरचा मोठा दात कपच्यासारखा फुटतो.

किटण आधीच चढलं असेल, हिरडी लालबुंद असेल, तर ब्रश घेण्याआधी डॉक्टर. दुखऱ्या हिरडीवर ब्रश फिरला की कुत्रा ब्रश बघूनच पळायला लागतो, मग सवय लावणं दुप्पट अवघड. भूल न देता दात खरवडून पांढरे करून देतात, ते दिसायला छान, पण हिरडीखालचं किटण तसंच राहतं. भुलेची भीती मला कळते, आमच्या कुत्रीच्या वेळी मीही रात्री झोपले नव्हते. तरी रक्त तपासून, नीट भूल देऊन केलेली सफाईच खरी, आणि ब्रशची सुरुवात हिरड्या भरून आल्यावर.

पिल्लू घरी असेल तर आजच कापडाने सुरुवात करा. त्याचे 28 दुधाचे दात पडून 42 पक्के येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत, हिरड्या हुळहुळतात, तेव्हा हात हलका ठेवा. मोठ्या कुत्र्याला पहिले काही दिवस फक्त बोटावरची पेस्ट चाटू द्या, मग ओठ उचला, मग एकच दात घासा. तो मान फिरवायच्या आत थांबा आणि लगेच शाबासकी द्या. आमच्या कुत्रीला सगळे दात घासू द्यायला तीन आठवडे लागले.

सुरुवातीला ब्रशवर थोडं गुलाबी दिसलं तर घाबरू नका. नियमित घासूनही दोन आठवड्यांनंतर रक्त येतच असेल, तर डॉक्टरांना दाखवा.