वसाहतकालीन भारताचा पेपर : नाशिकच्या एका महाविद्यालयातील अध्यापनाविषयी

नाशिकमधील एका महाविद्यालयात एम. ए. इतिहासाच्या वर्गांना शिकवला जाणारा वसाहतकालीन भारताचा पेपर मी नुकताच पूर्ण केला. नोकरी सांभाळून प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

या पेपरात सर्वांत कसून शिकवला जातो तो जमीनमहसूल. बंगालचा १७९३ चा कायमधारा (जमीनदारांकडून घ्यायचा, कायमचा ठरवून दिलेला सारा) आणि मुंबई इलाख्यातील रयतवारी (थेट शेतकऱ्याकडून घेतला जाणारा सारा) यांतील फरक कोणत्याही मार्गदर्शकात पाच ओळींत मिळतो. आमच्या बाईंनी मात्र रयतवारीवरच बरेच तास खर्च केले. निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के हिस्सा सरकारचा, हे कंपनी सरकारचे अधिकारी प्रिंगल यांचे गणित कागदावर बिनचूक दिसत असूनही इंदापूरकडे रयत शेते टाकून का निघून गेली, हे समजल्यावरच गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून नव्याने मोजणी का सुरू केली, याचा उलगडा होतो. या नव्या पद्धतीतील प्रतबंदी, म्हणजे जमिनीची कसानुसार प्रतवारी, समजावण्यासाठी बाईंनी विद्यार्थ्यांना घरचे जुने सर्वे नंबरचे उतारे आणायला सांगितले. निफाडकडच्या एका विद्यार्थ्याचा उतारा समोर ठेवून त्यांनी फळ्यावर शेताचे चौकोन पाडले, प्रत्येकात मातीचा रंग आणि हातांत मोजलेली खोली मांडली, चुनखडी किंवा उतार असा दोष निघाला की प्रत एका पायरीने खाली आणली, आणि सोळा आण्यांपासून उतरत उतरत त्या शेताचा सारा कसा ठरत असेल, ते दाखवले. तीस वर्षांसाठी दर बांधून देणारे हे राज्य शेतकऱ्याच्या बांधापर्यंत कसे पोहोचले होते, हे त्या तासाला जितके कळले तितके एरवी कळले नसते.

अभ्यासक्रमात नसलेल्या, नाशिकमधल्याच शरणपूरलाही एक तास मिळाला. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले मिशनऱ्यांनी येथे ठेवली व शिकवली; त्यांच्यातलाच जेकब वेनराइट आफ्रिकेचा प्रसिद्ध संशोधक-प्रवासी लिव्हिंगस्टन याच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीला हजर होता. शरणपूर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्या आमच्यापैकी बहुतेकांना याचा गंधही नव्हता.

जॅक्सन प्रकरणाबाबत मात्र माझे मत संमिश्र आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सन यांना अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या, ही हकिगत नाशिककराला सांगावी लागत नाही, तरी वर्गातला बराच वेळ तीच पुन्हा सांगण्यात गेला. बाबाराव सावरकरांना त्याच वर्षी झालेली जन्मठेप आणि संस्कृतचा व्यासंग असलेला अधिकारी क्रांतिकारकांच्या रोषाला का पात्र ठरला हा प्रश्न, यांवर चर्चा रंगू लागली तोच तास संपला व पुढच्या आठवड्यात दुसरा घटक सुरू झाला.

खरी अडचण परीक्षेची आहे. ज्या प्रतबंदीवर एवढे कष्ट घेतले, तिच्यासाठी प्रश्नपत्रिकेत टिपेपुरतीच जागा होती, आणि अंतर्गत मूल्यमापनाचे प्रकल्प मार्गदर्शकातून उतरवून दिले तरी चालून गेले. विभागाच्या ग्रंथालयात संदर्भग्रंथांची एकेकच प्रत असून ती घरी मिळत नाही, त्यामुळे संध्याकाळी सुटणाऱ्या नोकरदारांना त्यांचा उपयोग नाही. १८८३ चे नाशिक जिल्ह्याचे गॅझेटिअर इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते, हेसुद्धा वर्गात उशिरा सांगितले गेले. इंग्रजी वाचण्याची तयारी असेल तर ते पहिल्याच महिन्यात उतरवून घ्यावे.

केवळ पदवी हवी असणाऱ्याला घरबसल्या नोट्सवर हा पेपर सुटेल, त्याने फीपेक्षा जास्त काही गुंतवू नये. ज्याला वाचायचे आहे आणि महसुलाच्या तासांना हजर राहणे जमणार आहे, त्याने येथे अवश्य प्रवेश घ्यावा. मात्र अर्ज भरण्याआधी हा पेपर त्या वर्षी कोण शिकवणार आहे, ते कार्यालयात विचारून घ्यावे.