आठ जणांची रॅक्लेट ग्रिल: स्विस शेजाऱ्यांना जेवायला बोलावताना

रॅक्लेट म्हणजे वितळवून उकडलेल्या बटाट्यांवर ओतायचं स्विस चीज. यजमान ओट्याशी अडकत नाही, जो तो टेबलावरच्या ग्रिलमध्ये छोट्या पॅनवर आपलं चीज स्वतः वितळवतो. एवढ्यासाठीच ही विजेची ग्रिल पैसा वसूल. माणशी २०० ते २५० ग्रॅम रॅक्लेट चीज, सालासकट उकडलेले तीन-चार बटाटे, व्हिनेगरमधल्या छोट्या काकड्या आणि कांदे. ग्रिल १० मिनिटं आधी तापवा, नाहीतर पाहुणे नुसते बघत बसतात. चीजचा काप अर्ध्या सेंटिमीटरचा. जास्त वेळ ठेवला तर चीजला तेल सुटतं आणि ते चिवट होतं. खाऊन झालेला छोटा पॅन पुन्हा आत सरकवला की चिकटलेलं चीज करपून धूर होतो, खरी कटकट ही. चीजमध्ये बहुधा प्राणिज रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं, दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं, शाकाहारींनी लेबल वाचावं. आपलं लिंबाचं लोणचंही ठेवा, बटाट्याशी झकास जमतं.