१०८ची गाडी आणि सिव्हिलचा आयसीयू: आमच्या आत्यांचा अनुभव

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. वय ६८. बीपीसाठी अ‍ॅमलोडिपिन ५ मिलिग्रॅम, रोज एक. तुळजापूरला नणंदेकडे दहा दिवस राहिल्या आणि गोळ्या घरीच विसरल्या. परत आल्यावर ‘राहिलेल्या भरून काढते’ म्हणून सकाळी दहा गोळ्या एकदम घेतल्या. दुपारी मोरीच्या दाराशी चक्कर येऊन खाली बसल्या, तेव्हा आम्हाला कळलं.

जवळच्या दवाखान्यात बीपी ८०/५० निघालं. “मीठ-साखरेचं पाणी द्या, झोपू द्या, संध्याकाळपर्यंत उतरेल,” असं सांगून घरी पाठवलं. तो राग अजून गेलेला नाही. कारण ही गोळी संध्याकाळपर्यंत उतरतच नाही. रक्तात ती निम्मी व्हायलाच ३० ते ५० तास लागतात.

चार वाजता हातपाय गार पडले, तेव्हा १०८ला फोन लावला. आम्ही राहतो त्या सोलापूरच्या विडी घरकुल वसाहतीतल्या गल्ल्या सारख्याच दिसतात, म्हणून दीर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. गाडीत डॉक्टर होते. त्यांनी आधी गोळ्यांची रिकामी पट्टी मागितली. बीपी ७०/४०. लगेच पाय उंच केले, सलाइन लावलं. पैसे एक रुपयाही नाही.

सिव्हिलमध्ये केसपेपर नंतर झाला, उपचार आधी. सलाइनने बीपी उठेना, म्हणून शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं, बीपी वाढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या औषधाचा पंप लावला. तरी वरचा आकडा ८०च्या पुढे सरकेना. मग इन्सुलिन सुरू केलं. मी घाबरलेच, आत्यांना शुगर नाही! सिस्टर दारात आल्या आणि मला नीट समजावून सांगितलं: या गोळ्यांचा डोस जास्त झाला की हृदयाला ताकदीसाठी साखर लागते, ती वापरता यावी म्हणून मोठ्या मात्रेत इन्सुलिन देतात. सोबत ग्लुकोज चालूच. सुरुवातीला दर अर्ध्या तासाला बोटातून रक्त घेऊन साखर बघायच्या, पोटॅशियमही तपासायच्या. मी रात्रभर दाराच्या काचेतून बघत होते, त्या बाईंनी एकदाही वेळ चुकवली नाही.

तुमच्याकडे असं झालं तर बीपी नॉर्मल दिसलं तरी थांबू नका, गोळीचा परिणाम उशिरा चढतो. पट्टी सोबत घ्या, किती वाजता किती घेतल्या ते सांगा.

तिसऱ्या दिवशी सकाळी पंप काढला. बीपी ११०/७०. आत्यांनी डोळे उघडून विचारलं, “दहातली एक तरी उरली का गं?”