टाइमपास की ती सध्या काय करते, एकच बघायचा असेल तर कुठला?

परवा मावसबहिणीचा मेसेज आला, रविवारी तिच्याकडे सगळे जमणार आहेत, सासू-सासरे, कॉलेजातली दोन मुलं, नवऱ्याचे शाळेपासूनचे दोन मित्र आणि त्यांच्या बायका, आणि जेवणं झाली की एक मराठी सिनेमा लावायचाय. अट एवढीच की जुन्या आठवणींचा हवा, लव्हस्टोरी हवी, हसायला हवं आणि रडारड नको. घरच्या ग्रुपवर दोन नावांपाशी गाडी अडकलीये, टाइमपास आणि ती सध्या काय करते. तिला फोनवर पाऊण तास जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण मला दोन्ही सिनेमे मनापासून आवडतात पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत, आणि चुकीच्या संध्याकाळी चुकीचा लावला तर चांगला सिनेमा उगाच बदनाम होतो.

आधी पटकन ओळख. टाइमपास ३ जानेवारी २०१४ ला आला, दिग्दर्शक रवी जाधव, प्रथमेश परब दगडू आणि केतकी माटेगावकर प्राजक्ता. ती सध्या काय करते ६ जानेवारी २०१७ चा, दिग्दर्शक सतीश राजवाडे, लेखन मनस्विनी लता रवींद्र यांचं, आणि अनुराग-तन्वी ही जोडी तीन वयांत दिसते, शाळेत वेगळी लहान मुलं, कॉलेजात अभिनय बेर्डे आणि आर्या आंबेकर, मोठेपणी अंकुश चौधरी आणि तेजश्री प्रधान. दोन्हीकडच्या तरुण नायिका खऱ्या आयुष्यात गायिका आहेत हे मला फार गोड वाटतं. आर्याला तर आपण लिटिल चॅम्प्सच्या पंचरत्नांमध्ये एवढीशी बघितलेली, त्यामुळे ती पडद्यावर आली तेव्हा माझ्या शेजारच्या काकू मोठ्याने "अगं बाई, केवढी झाली ही" म्हणाल्या आणि पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी मागे वळून माना डोलावल्या. अभिनयला बघून त्याच्या वडिलांची, लक्ष्याची आठवण काढणारेही होतेच. म्हणजे गोष्टीतल्या आठवणी सुरू व्हायच्या आधी प्रेक्षकांच्या स्वतःच्या सुरू झाल्या होत्या.

आता मुख्य फरक. टाइमपासमध्ये आठवण काढणारं कोणीच नाहीये. दगडूला माहीतच नाही की तो जुन्या काळात राहतोय, त्याच्यासाठी नव्वदच्या दशकातली ती गल्ली, पेपरची लाइन, नापास झाल्यावर बापाने घातलेल्या शिव्या हेच आज आहे, आणि तो त्यात पूर्ण बुडालेला असतो म्हणून आपणही बुडतो. ती सध्या काय करतेमध्ये मात्र एक लग्न झालेला, संसारात स्थिरावलेला माणूस मागे वळून बघतोय, त्याच्याच आवाजात निवेदन आहे, त्यामुळे शाळेचा प्रत्येक प्रसंग आपल्याला दोनदा दिसतो, एकदा घडताना आणि एकदा त्याला आता काय वाटतंय त्याच्यातून. एक सिनेमा तुम्हाला पंधरा वर्षांचं करतो, दुसरा तुम्हाला तुमच्या आत्ताच्या वयातच ठेवतो आणि तिथून पंधराव्या वर्षाकडे बघायला लावतो.

टाइमपास मी पहिल्या आठवड्यात सिंगल स्क्रीनला बघितला आणि तसं थिएटर मी मराठी सिनेमाला फार कमी वेळा अनुभवलंय. दगडूच्या मित्रांची नावंच बघा, कोंबडा, मलेरिया, बालभारती, प्रत्येक नावाला हशा. वैभव मांगलेंचे कडक लेले, म्हणजे प्राजक्ताचे बाबा, ज्यांना पोरं शाकाल म्हणतात, ते नुसते दारात आले तरी शिट्ट्या. भाऊ कदम दगडूचा बाप, आणि तो माणूस हसवता हसवता मध्येच असं काही बघतो मुलाकडे की घशात काहीतरी अडकतं. डायलॉग संपायच्या आत लोक पुढचं वाक्य म्हणत होते, आणि हे पहिल्याच आठवड्यात, म्हणजे काही पोरं तिसऱ्यांदा आलेली असणार. सिनेमातली वाक्यं नंतर रिक्षाच्या मागे दिसली, गणपतीच्या मंडपात ऐकू आली, आणि चला हवा येऊ द्या हे तर पुढे एका टीव्ही कार्यक्रमाचं नावच झालं.

हे सगळं आपोआप होत नाही. रवी जाधव जाहिरातीच्या क्षेत्रातून आलेला माणूस आहे आणि ते त्याच्या प्रत्येक फ्रेममध्ये दिसतं, पात्र आलं की दोन सेकंदांत कळलं पाहिजे हा कोण, कपड्यांवरून, हाकेवरून, एका लकबीवरून. नटरंग (२०१०) आणि बालगंधर्वमध्ये (२०११) हीच नजर भव्य गोष्टींवर लागली, मग २०१३ च्या बालक-पालकमध्ये चाळीतल्या वयात येणाऱ्या पोरांवर, आणि प्रथमेश परब तिथेच आधी भेटला आपल्याला. टाइमपासमध्ये त्याने ती नजर आणि ती पोरं एकत्र आणली. गाणी कथेच्या बाजूला उभी राहून नाचत नाहीत, चिनार-महेशच्या चाली त्या वयाच्या धडधडीसारख्या येतात. काही जण म्हणतात की सगळं जरा जास्तच रंगवलेलं आहे, बाप फार खडूस, पोरं फार वात्रट, प्राजक्ता फार साधी. मला ते पटत नाही, कारण त्या वयात जग असंच दिसतं, मैत्रिणीचे बाबा खरोखर व्हिलन वाटायचे आम्हाला.

पण एक आक्षेप मी गंभीरपणे घेते. माझ्या भाचीने, ती वीस वर्षांची, गेल्या वर्षी पहिल्यांदा बघितला आणि अर्ध्यावर म्हणाली, मावशी, हा तिच्या बापावर सूड म्हणून तिच्या मागे लागतोय आणि तुम्ही सगळे हसताय? तिचं बरोबर आहे. सुरुवात तशीच आहे, लेल्यांनी अपमान केला म्हणून त्यांची पोरगी पटवायची, टाइमपास म्हणून, आणि नाव तिथूनच आलंय. सिनेमा पुढे दगडूला त्या टाइमपासची किंमत मोजायला लावतो, तो खरोखर प्रेमात पडतो आणि तिथे त्याची सगळी हुशारी गळून पडते, पण पहिला तासभर आजच्या मुलामुलींना खटकू शकतो हे धरून चला. आम्ही त्या रात्री नंतर तासभर यावरच बोलत बसलो आणि ते बोलणं मला सिनेमाइतकंच मोलाचं वाटलं. मुलं घरात असतील तर हा मुद्दा टाळू नका, निघू दे.

आणखी एक, आणि बहिणीच्या अटीच्या दृष्टीने हे सगळ्यात महत्त्वाचं. सगळ्यांना वाटतं टाइमपास म्हणजे धमाल आणि ती सध्या म्हणजे हळवा, पण शेवटाकडे बघितलं तर उलटं आहे. टाइमपासचा शेवटचा भाग छातीवर दगड ठेवतो, गोष्ट जुळत नाही, अर्ध्यावर सुटते, आणि पुढचं बघायला लोकांना १ मे २०१५ पर्यंत, दुसऱ्या भागापर्यंत थांबावं लागलं, तेही मोठेपणीच्या भूमिकांत प्रियदर्शन जाधव आणि प्रिया बापट. सव्वादोन तास शिट्ट्या मारणारी पोरं बाहेर पडताना गप्प होती, मी बघितलंय, एक जण मित्राच्या खांद्यावर हात टाकून नुसता चालत होता. ती सध्या काय करते बघून मात्र लोक हलके होऊन बाहेर येतात, जसं खूप वर्षांनी कोणाची तरी माफी मागून झाल्यावर वाटतं तसं.

त्या सिनेमाचं थिएटर वेगळंच होतं. रिलीजच्या वेळी तर नावावरून इतके फॉरवर्ड फिरत होते की ज्यांनी सिनेमा बघितला नाही तेही एकमेकांना विचारत होते, काय रे, ती सध्या काय करते. मला वाटलं सगळे दंगा करायलाच येतील. सुरुवातीला झालाही थोडा, पण शाळेचा भाग सुरू झाला तसं थिएटर शांत होत गेलं आणि ती शांतता कंटाळ्याची नव्हती. माझ्या पुढे एक जोडपं होतं, साधारण पन्नाशीचं, मध्यंतरात बायकोने नवऱ्याला विचारलं, तुमची कोण होती हो? आणि तो माणूस खरंच सांगायला लागला, नाव नाही सांगितलं पण वर्गात ती कुठे बसायची ते सांगितलं. मला ते ऐकू आलं याचं जरा अवघडल्यासारखं झालं, पण हा सिनेमा काय करतो ते मला त्या दोन मिनिटांत कळलं.

सतीश राजवाडेची ताकद बोलण्यात आहे, म्हणजे पात्रं काय बोलतात त्यापेक्षा बोलून झाल्यावर कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर राहतो यात. २०१० च्या मुंबई-पुणे-मुंबईमध्ये त्याने मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशीला एका दिवसभर पुण्यात नुसतं फिरवलं आणि बोलायला लावलं, पात्रांना नावंसुद्धा दिली नाहीत, आणि लोक खुर्चीला चिकटून बसले. २०१३ ची प्रेमाची गोष्ट पण तशीच, माणसं एकमेकांना हळूहळू सांगत जातात. मालिकांमध्ये वर्षानुवर्षं काम केल्यामुळे असेल, त्याला घरातल्या साध्या प्रसंगाची भीती वाटत नाही, मोठं काही घडवावं लागत नाही. ती सध्यामध्ये तर भांडणंही घरगुती आवाजात होतात. मैत्री तुटते ती कुठल्या खलनायकामुळे नाही, अनुरागच्याच त्या वयातल्या वागण्यामुळे, आणि हे मला सगळ्यात खरं वाटतं, कारण शाळा-कॉलेजातली किती नाती आपण बापांमुळे गमावली आणि किती आपल्याच मूर्खपणामुळे, विचार करून बघा.

आक्षेप यालाही आहेत. संथ आहे, कॉलेजचा भाग लांबलाय, अभिनय आणि आर्या दोघंही नवीन होते आणि काही ठिकाणी ते दिसतं. सगळं जग नीटनेटकं, छान कपडे, छान घरं, दगडूच्या गल्लीतला घाम इथे नाही, त्यामुळे ज्यांचं लहानपण तसं गेलं नाही त्यांना ही आपली गोष्ट वाटत नाही असं मला एका मैत्रिणीने सांगितलं आणि मी त्यावर वाद घातला नाही. माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे. नावात ती आहे, पण सगळी गोष्ट त्याची. तन्वीला काय वाटलं, तिने किती वेळा त्याचा विचार केला, केला की नाही, हे आपल्याला तेजश्रीच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. तेजश्री ते करते, तिच्या वाट्याला थोडं आलंय पण ती ते फार समजून करते, तरी मला तन्वीच्या बाजूने अजून अर्धा तास हवा होता. बायकांशी बोलताना ही तक्रार मी इतक्यांदा ऐकलीये की आता ती माझी एकटीची राहिली नाही.

मध्येच कोणीतरी दुनियादारी सुचवेलच, नेहमी सुचवतात. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरचा, संजय जाधवचा, २०१३ चा, अंकुश त्यातही आहे आणि कमाल आहे. पण ती मैत्रीची गोष्ट, प्रेम त्यात आहे तरी कॉमेडी म्हणून लावाल तर फसाल, तो वेगळ्या रात्री.

तर निवड. शाळेपासूनचे मित्र एकत्र जमले असतील, आवाज करायची मुभा असेल, सोबत म्हणायला वाक्यं हवी असतील तर टाइमपास, त्याला घोळका लागतो, एकट्याने लॅपटॉपवर बघितलेला टाइमपास अर्धाच असतो. नवरा-बायको दोघंच असाल, किंवा आई-वडिलांसोबत बसणार असाल, किंवा कोणाची तरी मनात राहून गेलेली माफी असेल, तर ती सध्या काय करते. फक्त एक सांभाळा, तो रात्री अकराला सुरू करू नका, संथ भागात कोणीतरी झोपतं आणि शेवट हुकतो, आणि शेवटासाठीच तर बघायचा. पहिल्यांदाच मराठी सिनेमा बघणारं कोणी असेल तर मात्र टाइमपासचे निम्मे विनोद भाषेत आहेत, सबटायटलमध्ये ते येत नाहीत, तिथे राजवाडेचा सिनेमा जास्त पोचतो.

बहिणीला मी ती सध्या सांगितला. मित्र येणार म्हणून ती टाइमपासकडे झुकली होती, पण त्यांच्या बायकाही येणार आहेत, सासू-सासरे आहेत, आणि अट रडारड नको अशी आहे. शिवाय त्या दोन मित्रांपैकी एक शाळेत तिच्या नवऱ्याच्या शेजारी बसायचा आणि त्याला सगळं माहितीये, त्यामुळे मध्यंतराला चहा ठेवताना ती काय विचारणार हे तिने आत्ताच ठरवून ठेवलंय.