पीटीएसडी कोच ॲप: फुकट आहे, चांगलं आहे, पण सहावा-सातवा प्रश्न बघत राहा

जानेवारी २०२४ मध्ये बडोद्यात हरणीच्या तळ्यात होडी उलटली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी लोकांच्या घरांत शिरली. पाण्याचा धसका घेतलेली माणसं शोधायला इथे लांब जावं लागत नाही. धसका महिन्याहून जास्त टिकला, प्रसंग डोळ्यांपुढे येत राहिला, झोप उडाली, रस्ते टाळणं सुरू झालं, तर तो पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक आजार, असू शकतो; डॉक्टरांना दाखवायलाच हवं. हे ॲप त्या उपचाराच्या जोडीला वापरायचं आहे.

अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्याने ते २०११ मध्ये काढलं. पैसे नाहीत, खातं उघडावं लागत नाही. मराठी-गुजराती मात्र नाही, त्यामुळे आजीच्या हातात फोन देऊन मोकळं होता येणार नाही; कुणीतरी शेजारी बसायला हवं. मदतीच्या पानावरचे नंबर अमेरिकेचे आहेत. त्यांच्याऐवजी १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये साठवा, तिथे मराठीतही बोलता येतं.

सगळ्यात उपयोगी भाग आहे त्रास मोजण्याचा. त्रास कसला ते निवडायचं, थर्मामीटरवर शून्य ते दहात तो किती ते सांगायचं, ॲप एखादा उपाय देतं, मग पुन्हा मोजायचं. आठाचा सहा झाला तरी उपाय लागू पडला असं धरा; पहिल्याच दिवशी शून्याची वाट बघू नका. नाही पटला तर दुसरा मागा. हे सगळं शांत असताना दोन-चारदा करून ठेवलेलं असावं. आठावर पोचलेल्या माणसाला इंग्रजी मेनू सुचत नाही.

प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटत असेल तेव्हा श्वासाचा व्यायाम आधी घेऊ नका. डोळे मिटले की तेच चित्र गडद होतं. आधी डोळे उघडे ठेवून समोरच्या पाच वस्तू मोठ्याने मोजायच्या: पोळपाट, पितळी डबा, चकलीचा सोऱ्या, कॅलेंडर, खुंटीवरची पिशवी. मग हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. श्वास त्यानंतर, आणि तोही संथ. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. ‘खोल घे, खोल घे’ म्हणत भराभर घेतला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि माणूस आणखीच घाबरतो. ॲपमध्ये आपले फोटो आणि गाणी घालता येतात. ते जरूर करा, पण सहलीच्या फोटोत मागे तळं नाही ना, एवढं बघा.

आता खरी मेख. प्रगती मोजायला यात पीसीएल-५ ही चाचणी आहे: वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार, एकूण ८०. साधारण ३१ ते ३३ च्या वर गुण गेले तर डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्यायची; नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही. दहा गुणांची घट झाली की फरक पडला म्हणायचं, दोन-तीन गुण इकडचे तिकडे होतातच. चाचणी मागच्या महिन्याबद्दल विचारते, तेव्हा ती रोज भरण्यात अर्थ नाही.

पण सहावा आणि सातवा प्रश्न वेगळे बघा. ते टाळाटाळीचे आहेत: आठवणी टाळणं आणि जागा, माणसं, बोलणं टाळणं. सूरसागर तलाव दिसू नये म्हणून रोज लांबून वळसा घालणाऱ्याला आठवणी कमी येतात, एकूण गुण उतरतात, घरचे खूश होतात. आजार मात्र तिथेच बसलेला असतो, कारण धोका टळलाय हे मेंदूला कळायची संधीच मिळत नाही. ॲपचे शांत करणारे उपायही असेच वापरले जातात. तळं दिसलं की लगेच फोन बाहेर. म्हणून या बाबतीत अर्धा तारा कापलाय. भीती वाटते त्या जागी टप्प्याटप्प्याने जाण्याचं काम थेरपिस्टसोबतच करायचं. त्याला साधारण ८ ते १५ बैठका लागतात आणि त्यासाठी अमेरिकेच्या त्याच खात्याचं पीई कोच नावाचं वेगळं ॲप आहे. सयाजी रुग्णालयात किंवा कारेलीबागच्या मानसिक आरोग्य रुग्णालयात जाताना चाचणीचा आलेख सोबत दाखवा, डॉक्टरांची पहिली दहा मिनिटं वाचतात.

पाचपैकी साडेतीन तारे. भाषेचा एक तारा आधीच गेला होता.