'अवतार' म्हणावे की 'देहधारण'?

देव येशूच्या रूपाने माणूस झाला, या ख्रिस्ती श्रद्धेला मराठीत कोणता शब्द वापरावा? नाताळच्या उपदेशात 'अवतार' म्हटले की जालना-पैठणकडच्या माणसाला लगेच कळते. नाथांच्या गावात हा शब्द फोडून सांगावा लागत नाही. अडचण त्याच्या मागून येते. अवतार युगायुगांत होतात, कार्य संपले की देह ठेवतात. मग ऐकणारा येशूला अकरावा धरतो आणि गाडी तिथेच अडते.

'देहधारण' पुस्तकी, जड. तरी बाप्तिस्म्याच्या वर्गात तोच वापरावा. बायबलमधल्या योहान 1:14 मधले 'शब्द देही झाला' हे एकदाच घडले, आणि पुनरुत्थानानंतरही देह टाकलेला नाही: लूक 24 मध्ये येशू भाजलेला मासा खातो. 451 सालच्या खाल्सेदोन परिषदेने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या सभेने, हेच बांधून दिले. व्यक्ती एक, स्वभाव दोन. पूर्ण देव, पूर्ण मनुष्य. सरमिसळ नाही, फाळणीही नाही.

पण 'धारण'लाही खोट आहेच. वस्त्र धारण करावे तसा देह वरून पांघरला, असे वाटते. हा जुना आभासवाद, म्हणजे येशूचा देह खरा नव्हता, नुसता भास होता, ही समजूत. 1 योहान 4:2 त्याच्याच विरोधात आहे. म्हणून या शब्दापाठोपाठ योहान 4 वाचावे: भर दुपारी, प्रवासाने थकून विहिरीपाशी बसलेला येशू पाणी मागतो. टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला ती तहान समजावावी लागत नाही.